समृद्धी महामार्ग : गाडी थांबेल तिथेच धंदा

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ कि.मी.चा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी हा ५२० कि.मी.चा पहिला टप्पा सुरू झाला होता. त्यानंतर मे २०२३ मध्ये शिर्डी-भरवीर आणि मार्च २०२४ मध्ये भरवीर-इगतपुरी असे तुकडे जोडले गेले. एकूण ७०१ कि.मी., सहा पदरी, दहा जिल्हे, ३९२ गावे. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, नाशिक आणि ठाणे या जिल्ह्यांतून जाणारा एवढा लांब रस्ता महाराष्ट्राने यापूर्वी बांधला नव्हता. खर्चही तसाच झाला. पंचावन्न हजार कोटींच्या पुढे गेलेला हा आकडा शेवटी एकसष्ट हजार कोटींच्या घरात सांगितला गेला.

या रस्त्याचे कौतुक पुष्कळ झाले आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. कौतुक करणाऱ्यांनी मोटारीने आठ तासांत मुंबई गाठल्याचे सांगितले, टीका करणाऱ्यांनी अपघात आणि टोल दाखविला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण आपल्या पानाचा वाचक जो आहे, म्हणजे जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी दुकान, आडत, गॅरेज, टायरचे काम, भंगाराचा धंदा किंवा एक-दोन मालमोटारी असलेला माणूस, त्याचा प्रश्न वेगळाच आहे. या रस्त्याने माझ्या धंद्याचे काय झाले आणि पुढे काय होणार, एवढेच त्याला विचारायचे आहे. त्या प्रश्नाचा विचार या लेखात करू.

जुन्या रस्त्याचा धंदा

नागपूरहून औरंगाबादकडे जाणारा जुना रस्ता कारंजा, शेलूबाजार, मालेगाव (हे वाशिम जिल्ह्यातील मालेगाव, यंत्रमागांचे नव्हे), मेहकर, सिंदखेडराजा, जालना अशा गावांमधून जातो. गावांच्या 'मधून' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गाव आले की गाडीचा वेग आपोआप कमी होतो. वेग कमी झाला की चालकाला चहाची आठवण होते, क्लीनर टायर ठोकून पाहतो, कुणी केळी घेतो, कुणी पान घेतो, कुणाचा पाटा तुटलेला असतो. या थांबण्यावर हजारो घरे चालली. ढाबा, पंक्चरचे दुकान, बॅटरीवाला, पाटा कमानीचा मिस्त्री, ऑटो इलेक्ट्रिशियन, ताडपत्री आणि दोरखंड विकणारा, फळांची गाडी लावणारा. यांपैकी कुणीही बँकेकडून मोठे कर्ज घेतले नव्हते, कुणाला सरकारी योजना माहीत नव्हती. रस्ता हेच त्यांचे भांडवल होते.

गेल्या पावसाळ्यात मेहकरला एका जुन्या ओळखीच्या टायरवाल्याकडे बसलो होतो. त्याला सहज विचारले, "काय चाचा, गाड्या कमी झाल्या का?" तो म्हणाला, "गाड्या तशा कमी नाही दिसत, साहेब. दिवसा तेवढीच गर्दी आहे. रात्रीच्या गाड्या गेल्या. आणि आमची कमाई रात्रीचीच होती."

त्याच्या या चार वाक्यांत सारे अर्थशास्त्र आले. दिवसाची वाहतूक आसपासच्या गावांची असते. ती जुन्याच रस्त्याने जाणार, कारण तिला पुढच्या गावात उतरायचे असते. शिवाय दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना समृद्धीवर मज्जावच आहे. रात्री जाणारी गाडी लांब पल्ल्याची असते. ती नव्या रस्त्यावर गेली. लांबची गाडीच जास्त खर्च करते, तिचेच टायर फुटतात आणि रात्री दोन वाजता तीच दुकान उघडे शोधते.

नवा रस्ता बंदिस्त आहे. दोन्ही बाजूंनी कुंपण, वाटेत सिग्नल नाही, फाटा नाही, गाव नाही. आत शिरायला आणि बाहेर पडायला ठरावीक दारे आहेत, त्यांना इंटरचेंज म्हणतात. ७०१ कि.मी.च्या लांबीत अशी सुमारे पंचवीस दारे. म्हणजे सरासरी २८ कि.मी.ला एक दार. मधल्या गावाला रस्ता दिसतो, गाड्यांचा आवाज ऐकू येतो, पण चहाचा एक कप विकता येत नाही. जुन्या रस्त्याची कमाई गाडी थांबण्यावर होती. नव्या रस्त्याची सारी किंमत गाडी न थांबण्यात आहे. हा फरक ज्याने ओळखला नाही, तो रस्त्याला दोष देत बसेल किंवा रस्त्याकडे आशेने पाहत बसेल. दोन्हींचा उपयोग नाही.

रेल्वेने दिलेला धडा

असे पूर्वीही एकदा झाले आहे. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला. मधल्या काळात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पण मुख्य लोहमार्ग काही प्रत्येक बाजारपेठेच्या दारातून गेला नाही. अमरावती बाजूला राहिली, गाडी बडनेऱ्यावरून गेली. खामगावची कापसाची पेठ मोठी, पण तीही बाजूलाच राहिली, गाडी जलंबवरून गेली.

पुढे काय झाले? बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत शाखा निघाली. जलंबहून खामगावपर्यंत शाखा निघाली आणि १८७० साली खामगावची शाखा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. दहा-बारा किलोमीटरचे हे छोटे फाटे, पण त्यांनी त्या दोन पेठा राखल्या. कापूस गावातच विकला गेला, गावातच दाबला गेला आणि गावातूनच डब्यात चढला.

यातून घ्यायचा बोध सरळ आहे. मुख्य मार्ग कुठून जातो याला जेवढे महत्त्व आहे, त्यापेक्षा जास्त महत्त्व त्याला जोडणाऱ्या फाट्याला आणि फाट्याच्या तोंडाशी असलेल्या सोयीला आहे. समृद्धी महामार्गाच्या बाबतीत आपण सात वर्षे मुख्य मार्गाची चर्चा केली. फाट्यांची चर्चा फारशी केलीच नाही.

मालमोटारीचा हिशोब

आता एक-दोन गाड्यांच्या मालकाचा प्रश्न घेऊ. समृद्धीने जावे की जुन्या रस्त्याने? आपल्याकडे हा निर्णय चालकाच्या मर्जीवर किंवा हुंडेकऱ्याच्या सांगण्यावर होतो. तो कागदावर व्हायला हवा.

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, हलक्या मालवाहू गाडीला ३ रुपये ३२ पैसे, दोन आसांच्या मालमोटारीला ६ रुपये ९७ पैसे आणि तीन आसांच्या गाडीला ७ रुपये ६० पैसे टोल पडतो. म्हणजे दोन आसांच्या गाडीला शंभर किलोमीटरला सुमारे सातशे रुपये. आता डिझेल पाहा. समजा, गावागावांतून थांबत जाताना भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते आणि मोकळ्या रस्त्यावर तीच पाच देते. शंभर किलोमीटरला पंचवीस लिटरऐवजी वीस लिटर लागले. पाच लिटर वाचले. डिझेल नव्वद रुपये धरले तर साडेचारशे रुपयांची बचत. टोल सातशे, बचत साडेचारशे. जुन्या रस्त्यावर एखादा टोलनाका असेल तर तो वजा करा, टायर आणि ब्रेकची झीज कमी होते ती धरा. तरीही नुसत्या डिझेलवर हा रस्ता परवडत नाही. तो परवडायचा असेल तर वाचलेल्या वेळाचे पैसे झाले पाहिजेत.

वेळाचे पैसे कधी होतात? गाडी महिन्याला एक फेरी जास्त मारते तेव्हा. गाडी लवकर भिवंडीला पोहोचली आणि परतीच्या मालासाठी दोन दिवस उभी राहिली, तर वाचलेले पाच-सहा तास मातीत गेले. मोटारीसाठी सांगितलेला आठ तासांचा प्रवास मालमोटारीला लागू नाही, हेही ध्यानात ठेवावे. मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे, अवजड गाडीला ८० ची. नियमाने चालली तर न थांबताही तिला नऊ तासांच्या आसपास लागणारच.

दुसरीकडे माल नाशवंत असेल तर हिशोब पूर्ण उलटतो. जालन्याच्या मोसंबीचे उदाहरण घ्या. या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि वाशीच्या फळबाजारात तिला मागणी आहे. दोन आसांच्या गाडीत दहा टन मोसंबी भरली आणि समृद्धीवरचे अंतर चारशे कि.मी. धरले तरी टोल २,८०० रुपयांच्या आत बसतो. म्हणजे किलोमागे २८ पैसे. पण गाडी सकाळच्या बाजाराला चुकली आणि किलोमागे एकच रुपया भाव पडला, तर दहा हजार रुपये गेले. फळ, भाजी, फूल, अंडी, मासळी या मालाच्या व्यापाऱ्याने टोलाकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. सिमेंट, वाळू, भंगार, सरकी अशा मालाच्या वाहतूकदाराने मात्र दहा वेळा विचार करावा. एकच रस्ता एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग असू शकतो. आपला माल कोणत्या जातीचा आहे, हे आपण ओळखावे.

रस्ता दोन्ही दिशांनी चालतो

रस्त्याविषयी बोलताना आपण नेहमी आपला माल मुंबईला जाईल असे म्हणतो. मुंबईचा माल आपल्याकडे येईल, हे आपण म्हणत नाही. पण येणार तोच आधी आहे.

जिल्ह्याच्या गावचा घाऊक व्यापारी आजवर कशावर जगला? अंतरावर. मुंबईचा माल यायला दोन-तीन दिवस लागत, म्हणून कुणीतरी गावात साठा करून ठेवणे भाग होते. कापड, औषधे, सुटे भाग, रंग, भांडी, बॅटऱ्या, पंखे यांचा साठा तो करी आणि खेड्यातल्या दुकानदाराला उधारीवर देई. त्याचा नफा या साठ्याचा आणि उधारीचा होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, जकात आणि नाक्यांचा काळ संपला, आणि ठिकठिकाणी लहान डेपो ठेवण्याऐवजी एकाच जागी मोठे गोदाम ठेवणे कंपन्यांना परवडू लागले. भिवंडीच्या परिसरातील गोदामे वाढली ती यामुळेच. आणि समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक, आमणे, हे भिवंडी तालुक्यातच आहे. म्हणजे हा रस्ता मुंबईच्या गोदीपेक्षा आधी भिवंडीच्या गोदामाला जालना, वाशिम, अमरावतीशी जोडतो. संध्याकाळी तिकडे भरलेला माल सकाळी इकडे उतरतो. मग खेड्यातला दुकानदार तुमच्याकडून माल का घेईल?

हे कुणाला घाबरविण्यासाठी लिहीत नाही. यावर उपाय आहे. भिवंडीचे गोदाम उधारी देत नाही, खराब माल हातोहात बदलून देत नाही, गिऱ्हाइकाच्या लग्नकार्याला जात नाही आणि यंत्र बसवून, दुरुस्त करून देत नाही. ज्याने विक्रीबरोबर सेवा जोडली, तो टिकेल. ज्याने फक्त साठा केला, त्याचा नफा हा रस्ता हळूहळू खाऊन टाकील. पुढची पाच वर्षे हे चित्र स्पष्ट करतील. तोवर दुकानाचे दुसरे मजले बांधण्यापूर्वी आणि साठ्यात आणखी पैसा अडकविण्यापूर्वी व्यापाऱ्यांनी हा विचार करावा.

उलट दिशेनेही संधी आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना भंगार लागते. भट्टीत भंगार वितळवून सळ्या करणे हा त्या शहराचा मोठा उद्योग आहे. गावोगाव भंगार गोळा करणारा माणूस साखळीच्या तळाशी आहे आणि कारखाना वरच्या टोकाला. मधले दलाल मुख्यतः वाहतुकीच्या जोरावर कमावतात. चार-पाच लहान व्यापाऱ्यांनी मिळून इंटरचेंजजवळ जागा भाड्याने घेतली, वजनकाटा बसविला, पक्के बिल ठेवले, तर सबंध गाडीचा माल ते थेट कारखान्याला देऊ शकतात. एकट्याने हे जमणारे नाही.

शासनाने दिलेला शब्द

या रस्त्याची घोषणा २०१५ साली झाली, तेव्हा तो केवळ रस्ता म्हणून सांगितला गेला नव्हता. रस्त्यालगत ठिकठिकाणी कृषी समृद्धी केंद्रे, म्हणजे नवनगरे, उभी राहतील, तेथे शीतगृहे, गोदामे, प्रक्रिया उद्योग, बाजार असतील, असे सांगितले गेले. मूळ योजनेत जमिनी एकत्र करून शेतकऱ्याला विकसित भूखंड द्यायचे होते. अनेक गावांनी तिला विरोध केला. मग थेट खरेदीचा मार्ग निघाला आणि बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत मोबदला दिला गेला. शेतकऱ्याला पैसा मिळाला, ते बरे झाले. पण रस्ता पूर्ण होऊन वाहने धावू लागली, तेव्हा एकही नवनगर उभे राहून नांदते झालेले नव्हते.

रस्ता ही समृद्धीची पहिली पायरी आहे. दुसरी पायरी म्हणजे त्याच्या दाराशी असलेली सोय. नवनगरे नसतील तर दहा जिल्ह्यांचा माल कच्चाच बाहेर जाणार. कापूस गाठीच्या रूपात, तूर अख्खी, संत्री पेटीत, सोयाबीन पोत्यात. प्रक्रिया दुसरीकडे होणार, नफा दुसरीकडे राहणार आणि तयार माल याच रस्त्याने परत येऊन आपल्यालाच विकला जाणार. असे झाले तर एकसष्ट हजार कोटी खर्चून आपण आपल्या कच्च्या मालासाठी घसरगुंडी बांधली, असे म्हणावे लागेल.

पायाभरणी होणे आणि काम उपयोगात येणे यांतले अंतर आपल्या भागाला नवे नाही. जालन्याजवळच्या ड्रायपोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली होती. तेथील कारखानदारांनी त्यानंतर किती वर्षे वाट पाहिली, हे त्यांनाच विचारावे. म्हणून आता मागणी नेमकी असायला हवी. साऱ्या नवनगरांचा एकदम आग्रह धरण्यापेक्षा प्रत्येक जिल्ह्यात एका इंटरचेंजजवळ आधी तीन गोष्टी द्या, असे सांगावे. एक, शीतगृह. दोन, वजनकाटा आणि गाड्या उभ्या करण्याचा तळ. तीन, गावापासून इंटरचेंजपर्यंत अवजड गाडी झेपेल असा पक्का रस्ता. खामगावला १८७० साली जे मिळाले, तेवढेच आपण मागत आहोत.

चौथी मागणी जुन्या रस्त्यावर ज्यांचा धंदा बसला त्यांच्यासाठी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा अनुभव आपल्यासमोर आहे. तो २००२ साली पूर्ण झाला. पूर्वी खोपोली-लोणावळ्याच्या बाजारात थांबणारी बरीच गर्दी पुढे रस्त्यावरच्या फूड मॉलमध्ये थांबू लागली. तेथे गाळा घेणे टपरीवाल्याच्या आवाक्यातले नव्हते. समृद्धीवरही विश्रांतीच्या जागा मोठ्या कंत्राटाने दिल्या जाणार. या जागांत काही गाळे, विशेषतः टायर, दुरुस्ती, चहा-नाश्ता आणि फळांचे, लहान आकाराचे ठेवून ते त्याच तालुक्यातील धंदेवाल्यांना माफक भाड्याने द्यावेत. जमिनीच्या मालकाला मोबदला मिळाला. ज्याच्याकडे जमीन नव्हती, फक्त रस्त्याकडेला दहा बाय दहाचे दुकान होते, त्याला काहीच मिळाले नाही. त्याचे नाव कोणत्याही यादीत नव्हते.

चालकाचा जीव आणि मालकाची जबाबदारी

या रस्त्याविषयी लिहिताना मृतांचा उल्लेख टाळता येणार नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात सरलांबे येथे पुलाचे काम चालू असताना गर्डर चढविणारे यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. ते बव्हंशी दूरदूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले कामगार होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ टेम्पो मालमोटारीवर आदळून १२ जण दगावले. हा रस्ता आपल्याला फुकट मिळालेला नाही.

अपघातांच्या चर्चेत दोन कारणे पुन्हा पुन्हा आली : टायर फुटणे आणि चालकाला डुलकी लागणे. सरळ, एकसुरी रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी चालविली की डोळे उघडे असूनही भान जाते. जुन्या रस्त्यावर गाव, गतिरोधक, बैलगाडी हे सारे चालकाला त्रास देत, पण जागेही ठेवीत. येथे त्याला जागे ठेवणारे काही नाही. सुरुवातीच्या काळात तर पेट्रोलपंपांखेरीज थांबायला जागाही फारशी नव्हती.

यात मालकाचा वाटा मोठा आहे. घासलेला टायर पुढच्या फेरीपर्यंत चालवून घ्या, रात्रीतून पोहोचा, सकाळी परत निघा, असे सांगणारा मालकच असतो. वेळ वाचतो म्हणून चालकाकडून दुप्पट काम करून घेणे हा वाचलेल्या वेळाचा गैरवापर आहे. लांब पल्ल्याला दोन चालक द्यावेत, दोन-अडीच तासांनी थांबण्याची सक्ती करावी, टायर बदलण्यात कंजुषी करू नये. एका टायरच्या पैशासाठी माणूस गेला तर तो तोटा कोणत्या खात्यावर लिहिणार? चालकाची मजुरी आणि त्याची झोप या दोन्ही गोष्टी मालकाने त्याला हक्काने द्यायच्या असतात, उपकार म्हणून नव्हे.

मिस्त्री आणि टायरवाल्यांनाही येथे काम आहे. या वेगाच्या रस्त्यावर चढण्यापूर्वी गाडीचे टायर, हवेचा दाब, चाकांचे संतुलन आणि ब्रेक तपासणे आवश्यक आहे. इंटरचेंजच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, ही तपासणी चोख करून देणारे दुकान असेल तर गाडी तेथे थांबेल. फुटलेल्या टायरवर चालणारा धंदा आता टायर फुटू नये यासाठी करायचा आहे. मेहकरच्या त्या चाचांचा मुलगा सध्या हेच शिकण्यासाठी औरंगाबादला एका वर्कशॉपमध्ये आहे. त्याने परत येऊन मेहकरच्या इंटरचेंजजवळ जागा पाहावी, असे आम्ही दोघांनी बोलून ठरविले. जागेचे भाडे ऐकून चाचांचा चेहरा उतरला, हेही खरे. चौथी मागणी आम्ही वर लिहिली ती त्या चेहऱ्याकडे पाहूनच.

आता काय करावे

समृद्धी महामार्ग आता उखडला जाणार नाही आणि उखडावा असे आमचे म्हणणेही नाही. पुढे असेच आणखी रस्ते होणार आहेत. जालन्याहून नांदेडकडे द्रुतगती मार्ग ठरला आहे. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आणि ते समृद्धीला जोडण्याची योजना आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गावरून कोल्हापूरकडील शेतकरी आंदोलन करीत आले आहेत. या प्रत्येक ठिकाणी जमिनीचा मोबदला हा एकच प्रश्न चर्चेत येतो. दार कुठे असेल, दाराशी काय असेल आणि जुन्या रस्त्यावरच्या माणसाचे काय, हे तीन प्रश्न कुणी विचारीत नाही. ते रस्ता आखला जात असतानाच विचारायचे असतात. कुंपण घातल्यावर विचारून उपयोग होत नाही.

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या गावी व्यापारी, आडते, वाहतूकदार आणि कारागीर यांनी एकदा एकत्र बसावे. आपल्या जवळचे इंटरचेंज कोणते, तिथवरचा रस्ता कसा आहे, तेथे कुणाची जागा आहे, आपल्या गावातून रोज किती माल आणि किती गाड्या त्या दाराने जातात, हे कागदावर लिहावे. हा कागद आमदाराकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि रस्ते विकास महामंडळाकडे द्यावा. आकडे घेऊन गेलेल्या माणसाला बसायला खुर्ची मिळते, नुसती तक्रार घेऊन गेलेल्याला मिळत नाही. आणि जोपर्यंत शासन काही करीत नाही, तोपर्यंत चार जणांनी मिळून एक जागा, एक वजनकाटा, एक लहान गोदाम एवढे तरी उभे करावे. भागीदारी लेखी असावी, हिशोब उघडा असावा, म्हणजे ती टिकते.

रस्ता गावाजवळून गेला म्हणून गाव श्रीमंत होत नाही. गाडी तेथे थांबली, माल चढला-उतरला, तर होते. ७०१ किलोमीटरचा रस्ता शासनाने बांधला. त्याच्या दारापर्यंतची वाट मागणे आणि त्या दाराशी दुकान मांडणे, हे आपले काम आहे.